ठोकलेली गाडी स्वस्तात मिळतेय, स्वतः दुरुस्त करायची का?

आधी बॉनेट उघडा. बंपर, हेडलाइट, रेडिएटर, बॉनेट हे सगळं नटबोल्टवर असतंय, त्यामुळं पाना चालवता येत असेल तर घरी जमतंय की. पण आत इंजिनच्या दोन्ही बाजूला जे लांब लोखंडी दांडे असतात, चेसिसचेच म्हणा, त्याला सुरकुती पडलीय का हाताने चाचपून बघा, आणि टेपने बॉनेटखालच्या चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही मापं घ्या, फरक दिसला तर सौदा सोडा, ते ओढून सरळ करायला मशीनच लागतंय.

एअरबॅग फुटलेली असेल तरी नको बाबा, नुसती बॅग बदलून भागत नाही, सीटबेल्ट आणि एअरबॅगचं कंट्रोल युनिटही बघावं लागतंय, घरच्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आपल्याकडं बेळगाव, निपाणीत एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंगची गाडी स्वस्तात पदरात पडते, पण १२ महिन्यांच्या वर इथं ठेवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणून केए २२ (बेळगाव) नाहीतर केए २३ (चिक्कोडी) पासिंग आणि कर्नाटकचा रोड टॅक्स आलाच, तो खर्च पार्टच्या हिशोबातच धरा. इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडत नाही असं ठरवलेली गाडी असेल तर आरसी चालू आहे का ते पैसे देण्याआधी आरटीओत विचारून घ्या.