जीभ पळत नाही? आधी माउथपीस बघा

वडोदऱ्यात क्लॅरिनेट शिकायला येणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार ठरलेली: "सर, जीभ पळत नाही." म्हणजे जलद सूर जिभेने एकेक सुटे काढता येत नाहीत. नवरात्र जवळ आली की तर जास्तच. दांडिया बाजारात शिकवायला बसतो तेव्हा मी आधी माउथपीस तोंडात किती गेलाय ते बघतो. निम्मी दुखणी तिथेच सापडतात.

कागदाचा पातळ तुकडा रीड (माउथपीसवर बसवलेली, फुंकेने थरथरणारी पातळ पट्टी) आणि माउथपीसच्या फटीत वरून सरकवा. तो जिथे अडकेल, तिथे रीडवर पेन्सिलीने खूण करा. खालचा ओठ दातांवर थोडासा घेऊन साधारण त्या खुणेपाशी टेकवा, वरचे दात माउथपीसवर. माउथपीस कमी घेतला तर ओठच रीड दाबून धरतो आणि सूर बारीक, कोंदटलेला निघतो. जास्त घेतला तर चिरका आवाज येतो, शिवाय रीडचं टोक इतकं आत जातं की जिभेला मागे दुमडावं लागतं. मग ती पळणार कशी? सॅक्सोफोनलाही हेच, फक्त त्याचा माउथपीस तोंडात बराच आडवा येतो; क्लॅरिनेट मात्र खाली उतरता धरायचा.

आता जीभ. सूर जिभेच्या ठोक्याने निघत नाही. फुंक आधीपासून चालू असते, जिभेचं टोक रीडच्या टोकाखाली अलगद टेकून तिला थोपवतं, आणि जीभ सुटली की सूर येतो. म्हणून 'टा' म्हणू नका, जीभ वर वळते. 'ता' म्हणा, मऊ हवं तर 'दा'. आरशात बघा: हनुवटी हलत असेल तर जिभेचं काम जबडा करतोय.

मार्च वाजवताना बहुतेक सुरांना जीभ लागते. ख्याल किंवा नाट्यपद वाजवताना तीच सवय सगळं बिघडवते. गायक व्यंजन कुठे उच्चारतो आणि 'आ'कार कुठे लांबवतो, ते ऐका, जीभ व्यंजनापुरती. सूरसागर तलावाकाठच्या म्युझिक कॉलेजची परंपरा गायक मौलाबक्षांच्या १८८६ च्या गायनशाळेपर्यंत जाते. तिथली गाण्याची मैफल चुकवू नका, वाद्य घरी ठेवून जा.

रीड २ किंवा २.५ नंबरची पुरे (नंबर म्हणजे कडकपणा). मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० टिकटिकींवर ठेवून एकाच सुरावर दर टिकटिकीला जीभ एकदा, मग दोनदा, मग चारदा. बोटं त्यानंतर.