गेम अडखळत होता, दोष भलतीकडेच

लॅपटॉप नवा, तरी गेम अडखळायचा. दोनदा पुन्हा इन्स्टॉल केला, उगाच. शेवटी गेमर्सच्या मदत गटात ‘गेम नीट चालत नाही’ एवढंच लिहिलं. तिथल्या स्वयंसेवकाने आधी डीएक्सडायगचा, म्हणजे विंडोजमधल्या तपासणी-साधनाचा रिपोर्ट मागितला. मला वाटलं, टोलवतोय! पण त्यात त्याला दोन ग्राफिक्स चिप (जीपीयू) दिसल्या. मग म्हणाला, टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या खिडकीत, ‘जीपीयू इंजिन’चा रकाना बघ. गेमसमोर ‘जीपीयू 0’, म्हणजे माझ्याकडची साधी इंटिग्रेटेड (प्रोसेसरमध्येच असलेली) चिप! दुसरं, दमदार ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन गेमची एक्सई (गेम सुरू करणारी) फाइल जोडली, ‘हाय परफॉर्मन्स’ निवडलं, गेम बंद करून पुन्हा उघडला. लोण्यासारखा चालला. गटात उपाय लिहून धाग्यावर ‘सुटलं’ची खूणही केली; ती करायला बरेच जण विसरतात.