आयरिश पूर्वजांचा शोध आईच्या माहेरच्या आडनावावरून घ्यावा

आयर्लंडमधील जन्मनोंदींत एकाच नावाची दहा-बारा मुले सापडतात आणि त्यांतील आपले पणजोबा नेमके कोणते, हे कळत नाही. सरकारच्या 'आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई' या संकेतस्थळावर १८६४पासूनच्या, शंभर वर्षांपेक्षा जुन्या जन्मनोंदींची पाने विनामूल्य पाहता येतात. तेथे पुढीलप्रमाणे शोधावे.

१. मुलाचे नाव रिकामे ठेवून केवळ आडनाव, नोंदणी जिल्हा (उदाहरणार्थ, कॉर्क परगण्यातील स्किबरीन) आणि सुमारे वीस वर्षांचा कालखंड द्यावा. काही बालकांची नोंद नावाविनाच झालेली असते, ती नाव घालून शोधल्यास हाती लागत नाहीत.

२. यादीवर विसंबू नये. मूळ पानाचे चित्र उघडावे. त्यात वडिलांचा व्यवसाय, राहते गाव आणि आईचे माहेरचे आडनाव असते. खबर देणाऱ्याच्या नावाशेजारी पुष्कळदा सहीऐवजी फुलीच दिसते.

३. वडिलांचे नाव, आईचे माहेरचे आडनाव आणि गाव या तिन्ही गोष्टी जुळणारी मुले ही बहुधा सख्खी भावंडे असतात. त्यांतील थोरल्याच्या जन्माआधीच्या दोन-तीन वर्षांत आईवडिलांचा विवाह शोधावा. विवाहनोंदीत दोघांच्याही वडिलांची नावे मिळतात, म्हणजे आणखी एक पिढी हाती येते.

आडनाव 'ओ' न लावता आणि लावून, उदाहरणार्थ 'सलिव्हन' आणि 'ओसलिव्हन', अशा दोन्ही रूपांत तपासावे. जन्मतारखेवर मात्र फार भिस्त ठेवू नये, कारण उशिरा नोंदवल्यास होणारा दंड टाळण्यासाठी काही पालक तारीख पुढची सांगत, त्यामुळे चर्चमधील बाप्तिस्मा जन्माच्याही आधीचा निघू शकतो.