रीरायटेबल डिस्क एका ड्राइव्हवर चालते, दुसऱ्यावर नाही? या चुका टाळा

आरडब्ल्यू (रीरायटेबल, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी) डिस्क एका कॉम्प्युटरवर उघडली आणि दुसऱ्यावर नाही, की लगेच ती फॉरमॅट केली जाते. हीच पहिली चूक. जिथे डिस्क वाचली जातेय, तिथून आधी सगळा डेटा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. फॉरमॅट काय, केव्हाही करता येतो.

मग नीट बघा: दुसऱ्या ड्राइव्हला डिस्क ओळखूच येत नाही, की डिस्क दिसते पण फाइली गायब आहेत?

ओळखूच येत नसेल, तर बरेच जण त्यात गाण्यांची तयार सीडी घालून बघतात आणि ती वाजली की ड्राइव्ह ठणठणीत समजतात. पण कारखान्यात छापलेली सीडी लेझरचा किमान 70 टक्के प्रकाश परत पाठवते. सीडी-आरडब्ल्यू फक्त 15 ते 25 टक्के. लेन्सवर धूळ असेल किंवा लेझर थकला असेल, तर सर्वांत आधी आरडब्ल्यूच अडते. त्यामुळे चाचणी दुसऱ्या चांगल्या आरडब्ल्यू डिस्कनेच करा. डिस्क पुसायची तर मऊ कापडाने, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल गोल नाही.

डिस्कवर छापलेला वेगही वाचा. हाय स्पीड किंवा अल्ट्रा स्पीड डिस्क जुन्या 4एक्स (सीडीच्या मूळ वेगाच्या चौपट) रायटरवर, म्हणजे डिस्क लिहिणाऱ्या ड्राइव्हवर, वाचली गेली, तरी तिथे लिहिता किंवा पुसता येत नाही. बिघाड कशातच नसतो, जोडीच चुकलेली असते.

डिस्क दिसते पण रिकामी वाटते, तेव्हा संशय फाइल सिस्टिमवर, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीवर घ्या. विंडोज 7 मध्ये ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’ हा पर्याय निवडला की डिस्क यूडीएफ या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट होते. यूडीएफची 2.01 ही आवृत्ती विंडोज एक्सपीला वाचता येते. विंडोज 98 ची धाव 1.02 पर्यंतच. डिस्क जुन्या मशीनवर न्यायची असेल, तर ‘मास्टर्ड’ पर्याय घ्या किंवा बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये आयएसओ 9660 आणि जोलिएट या फाइल सिस्टिम निवडा.

नव्या फाइली दिसतात पण जुन्या नाहीत? नवं सेशन (एका वेळी लिहिलेला भाग) लिहिताना आधीचं सेशन इम्पोर्ट करायचं, म्हणजे नव्यात जोडून घ्यायचं राहिलेलं असतं. जुन्या फाइली डिस्कवर शाबूत असतात. सेशन निवडू देणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या काढता येतात. उलट फक्त जुन्याच दिसत असतील, तर तो ड्राइव्ह पहिल्या सेशनपाशीच थांबतोय. अशा ड्राइव्हसाठी सगळं एकाच सेशनमध्ये लिहून डिस्क क्लोज करा, म्हणजे पुढचं लेखन बंद करा.

क्विक इरेजने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, जुना डेटा तसाच राहतो. डिस्क वारंवार अडत असेल, तर एकदा फुल इरेज करा. 4एक्सवर सुमारे 20 मिनिटं लागतात. त्यानंतर कमी वेगाने लिहा आणि ज्या ड्राइव्हवर ती चालायला हवी, त्याच ड्राइव्हवर फाइली उघडून बघा. लिहिणारा ड्राइव्ह स्वतःचं अक्षर वाचणारच! कुणाला कायमची द्यायची असेल, तर सरळ सीडी-आर (एकदाच लिहिता येणारी सीडी) वापरा.