फुगे नंतर फुगवा, आधी आपलं उत्तर तपासा

कॉलेजात कोडिंग स्पर्धा ठरली की पहिली मीटिंग बॅनर, टी-शर्ट आणि पाहुण्यांतच संपते. प्रश्नांचा विषय निघतो तो शेवटच्या आठवड्यात. मी लॅब सांभाळतो आणि प्रश्नही काढतो, म्हणून सांगतो: महिनाभर आधी प्रश्नांनाच हात घाला.

पहिल्या वर्षी मी एक सोपा प्रश्न दिला होता. एक लाखापर्यंत संख्या, प्रत्येक शंभर कोटींपर्यंत, बेरीज सांगा. माझ्या सी++ कोडात बेरीज ठेवली होती साध्या इंटमध्ये, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच्याच पूर्ण संख्या मावणाऱ्या प्रकारात, आणि तपासणी होत होती त्याच कोडाच्या उत्तरांशी. स्पर्धेत बरोबर लिहिणाऱ्यांना 'राँग आन्सर' आणि माझीच चूक करणाऱ्यांना हिरवा रंग! तिसऱ्या वर्षाची एक मुलगी सहाव्या सबमिशननंतर कागद घेऊन आली. "सर, शंभर कोटी, शंभर कोटी, शंभर कोटी. तीनशे कोटी इंटमध्ये मावतात का?" इंटची मर्यादा 2,14,74,83,647. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. सगळी सबमिशन पुन्हा तपासावी लागली.

तेव्हापासून प्रत्येक प्रश्न दोघांनी, एकमेकांचा कोड न बघता सोडवायचा, शक्यतो एकानं सी++ आणि दुसऱ्यानं जावात. उत्तरं जुळली नाहीत तर प्रश्न बाद. शिवाय एक मुद्दाम संथ कोड लिहायचा. एक लाख संख्यांवर लूपमध्ये लूप म्हणजे हजार कोटी फेऱ्या; सी++ साधारण सेकंदाला दहा कोटी साध्या क्रिया करतं असा आमचा ठोकताळा. हा कोड टाइम लिमिटमध्ये, म्हणजे प्रश्नाला दिलेल्या वेळेत, बसला, तर तुमच्या टेस्ट केस, म्हणजे कोड तपासायला दिलेली इनपुटं, लेच्यापेच्या आहेत. आणि टेस्ट केस नोटपॅडमध्ये हातानं टाइप करू नका. विंडोजची ओळ संपवण्याची खूण लिनक्सवर नको तिथे नडते. छोटा प्रोग्राम लिहून फाइल तयार करा.

तीन तासांना सहा प्रश्न पुरतात. पहिला असा की कुणी भोपळा घेऊन घरी जाऊ नये, शेवटचा एखाद्याच टीमला सुटावा. नियम आम्ही आयसीपीसी या कॉलेजांच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धेचेच घेतो: तिघांची टीम, एकच संगणक, सुटलेल्या प्रश्नामागे आधीच्या प्रत्येक चुकीच्या सबमिशनला 20 मिनिटांचा दंड. तपासणीला डॉमजज, हे कोड आपोआप तपासणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि लॅबच्या लॅनवर चालतं, त्यामुळे इंटरनेट बंद ठेवता येतं. सर्व्हर आणि संगणक जोडणारा नेटवर्क स्विच दोन्ही यूपीएसवर घ्या. स्विच विसरलात तर लाइट गेल्यावर सर्व्हर एकटाच जिवंत राहतो.

आदल्या दिवशी अर्धा तास सराव फेरी घ्या, एक फालतू प्रश्न देऊन. लॉगिन, कंपायलर, बंद पडलेले कीबोर्ड, सगळं तिथेच उघडं पडतं. स्पर्धेत शंका आली तर उत्तर एका टीमच्या कानात नको, सगळ्यांना एकदम द्या.

शेवटचा अर्धा तास स्कोअरबोर्ड गोठवा, म्हणजे नवे निकाल त्यावर दाखवू नका. प्रश्न सुटला की टीमला द्यायचे फुगे मात्र प्रश्नागणिक वेगळ्या रंगाचे हवेतच, मुलं स्कोअरबोर्डपेक्षा शेजारच्या टेबलावरचे फुगेच मोजतात. मॉनिटरला सुतळीनं बांधा. वरचा पंखा जोरात असला की फुगा शेजारच्या टीमच्या तोंडावर.

ती मुलगी पुढच्या वर्षी आमची टेस्टर झाली. माझ्या सहांपैकी दोन प्रश्न तिनं पहिल्याच संध्याकाळी परत पाठवले.