रासायनिक अभिक्रियांची उजळणी: या चुका टाळा

आकडे बदलून बदलून पान भरलं, तरी ऑक्सिजनचे अणू काही जुळत नाहीत. अशा वेळी आकड्यांशी झटापट थांबवा आणि सूत्रं तपासा. संतुलन (समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे अणू सारखे करणं) अडलंय असं वाटतं तेव्हा बहुतेकदा चूक एक पायरी आधीच झालेली असते. चुकीच्या सूत्रांचं समीकरण जुळलं तरी उत्तर चुकीचंच राहतं.

सूत्रं पाठ, संयुजा विसरलेल्या

संयुजा म्हणजे मूलद्रव्याची दुसऱ्याशी जोडलं जाण्याची क्षमता. ॲल्युमिनिअमची संयुजा ३, ऑक्सिजनची २. या आकड्यांची अदलाबदल केली की ॲल्युमिनिअम ऑक्साइडमध्ये २ ॲल्युमिनिअम आणि ३ ऑक्सिजन येतात. मॅग्नेशिअम ऑक्साइडला मात्र दोन्हीकडे २ येतो. तो १ : १ करायचा राहतो आणि पुढचं सगळं गडबडतं.

कंस गाळणं त्याहून महागात पडतं. सल्फेट या मूलकात (एकत्र वावरणाऱ्या अणूंच्या गटात) १ गंधक आणि ४ ऑक्सिजन असतात. ॲल्युमिनिअम सल्फेटमध्ये असे ३ सल्फेट, म्हणजे ३ गंधक आणि १२ ऑक्सिजन. कंस विसरलात तर ४ च्या शेजारी ३ बसतो आणि ऑक्सिजन थेट ४३ होतात!

हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरिन, क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडिन ही सात मूलद्रव्यं एकटी असताना जोडीनं लिहायची. संयुगात गेल्यावर जोडीची सक्ती नाही.

लोहाला दोन संयुजा आहेत, म्हणून तिथे हमखास घसरायला होतं. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर फेरस क्लोराइड मिळतं (संयुजा २), तर तापलेल्या लोहावरून क्लोरिन वायू सोडला की फेरिक क्लोराइड (संयुजा ३). कॉपर सल्फेटच्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवल्यावरही फेरस सल्फेटच तयार होतं. द्रावणाचा निळा रंग जाऊन फिकट हिरवा येतो तो त्यामुळे.

संतुलन करताना सूत्राला हात लावणं

ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ लिहिला, तर ते पाणी उरत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. बदलायचा तो फक्त सूत्राआधीचा सहगुणक.

तापलेलं लोह आणि वाफ यांची अभिक्रिया घ्या. उत्पादितं दोन: ३ लोह व ४ ऑक्सिजन असलेलं ऑक्साइड, आणि हायड्रोजन वायू. सुरुवात सर्वांत मोठ्या सूत्रापासून करा, इथे ऑक्साइडपासून. त्यात ऑक्सिजन ४ आहेत, म्हणून पाण्याआधी ४. आता डावीकडे हायड्रोजनचे ८ अणू झाले, म्हणून उजवीकडे हायड्रोजनच्या रेणूआधी ४. एकटं लोह शेवटी, त्याच्याआधी ३. सुटं मूलद्रव्य मुद्दाम मागे ठेवायचं, कारण त्याचा आकडा बदलल्यानं दुसरं काहीच बिघडत नाही.

इथेनच्या ज्वलनात ऑक्सिजनचे साडेतीन रेणू येतात आणि मुलं घाबरून सगळं खोडतात. खोडू नका, सगळे सहगुणक दुप्पट करा: २ इथेन, ७ ऑक्सिजन, ४ कार्बन डायऑक्साइड, ६ पाणी.

अभिक्रिया होणारच, असं गृहीत धरणं

तांबं आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल दिलं की अनेक जण कॉपर क्लोराइड लिहून मोकळे होतात. क्रियाशीलता श्रेणीत (जास्त क्रियाशील ते कमी क्रियाशील अशा क्रमाच्या यादीत) तांबं हायड्रोजनच्या खाली आहे, त्यामुळे ते आम्लातून हायड्रोजन बाहेर काढू शकत नाही. ‘अभिक्रिया होत नाही’ हेच तिथे पूर्ण उत्तर. झिंक सल्फेटच्या द्रावणात तांब्याची पट्टी बुडवली तरी तेच. उजळणीत अशी न होणारी उदाहरणंही मिसळा, नाहीतर प्रत्येक बाणापुढे काहीतरी लिहायची सवय जडते.

शब्दांचे घोटाळे

मॅग्नेशिअमची फीत पेटवावी लागते म्हणून ती अभिक्रिया उष्माग्राही (उष्णता शोषणारी) ठरत नाही. सुरुवातीला दिलेली उष्णता वेगळी आणि एकूण हिशेब वेगळा. जळताना बाहेर पडणारी उष्णता कितीतरी जास्त असते, म्हणून ती उष्मादायी.

तापलेल्या कॉपर ऑक्साइडवरून हायड्रोजन सोडला की कॉपर ऑक्साइडचं क्षपण होतं (ऑक्सिजन जातो) आणि हायड्रोजनचं ऑक्सिडीकरण (ऑक्सिजन मिळतो). मग ऑक्सिडक कोण? कॉपर ऑक्साइड. तो दुसऱ्याला ऑक्सिजन देतो आणि स्वतः क्षपित होतो. ‘कोणाचं झालं’ आणि ‘कोणी केलं’ हे दोन प्रश्न वेगवेगळ्या ओळींवर लिहिले की गोंधळ सुटतो.

समीकरण येतं, निरीक्षण येत नाही

प्रत्येक समीकरणाखाली ‘काय दिसलं’ याची एक ओळ लिहा. लेड नायट्रेट आणि पोटॅशिअम आयोडाइड: पिवळा अवक्षेप (द्रावणात न विरघळणारा घन पदार्थ). बेरिअम क्लोराइड आणि सोडिअम सल्फेट: पांढरा अवक्षेप. लेड नायट्रेटची पूड तापवली: तपकिरी वायू, म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. चुन्याची निवळी कार्बन डायऑक्साइडनं दुधाळ होते, पण वायू सोडतच राहिलं तर पुन्हा स्वच्छ होते, कारण विरघळणारं कॅल्शिअम बायकार्बोनेट बनतं. हा दुसरा भाग फार जण सोडून देतात. ‘वायू बाहेर पडतो’ एवढं लिहून भागत नाही. पेटती काडी ‘फट्’ आवाज करत विझली तर हायड्रोजन; विझत आलेली, निखारा असलेली काडी पुन्हा पेटली तर ऑक्सिजन.

नुसतं वाचत बसणं

छापलेलं समीकरण पुन्हा पुन्हा वाचलं की ‘येतंय’ असा भास होतो. कोऱ्या कागदावर दहा अभिक्रियांची फक्त डावी बाजू लिहा, प्रकार मुद्दाम मिसळून, आणि पुस्तक मिटून पुढचं पूर्ण करा. तपासताना नुसती फुली मारू नका, चुकीचा प्रकार समासात नोंदवा: सूत्र चुकलं तर ‘सू’, उत्पादित चुकलं तर ‘उ’, संतुलन चुकलं तर ‘सं’, निरीक्षण चुकलं तर ‘नि’. ‘सू’ जास्त दिसले तर अभिक्रिया बाजूला ठेवून आधी संयुजा आणि मूलकं पक्की करा. ‘उ’ असेल तर क्रियाशीलता श्रेणी आणि अभिक्रियांचे प्रकार. दोन दिवसांनी पूर्ण यादी नको, फक्त चुकलेल्याच पुन्हा कोऱ्या कागदावर घ्या, या वेळी क्रम उलटा करून.