आई परत आली तेव्हा

एम.ए. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षी अटॅचमेंटचा, म्हणजे बाळ आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या भावनिक बंधाचा धडा आला, तेव्हा मराठी प्रतिशब्दासाठी मी अप्पा बळवंत चौकातली दुकानं पालथी घातली. 'आसक्ती' सापडला. पण आसक्ती म्हटलं की गीता आठवते, आणि तिथे ती सोडायला सांगितलीय. बाळाचं तर तिच्यावाचून चालत नाही. मी मुकाट्याने अटॅचमेंटच म्हणू लागले.

निरीक्षणासाठी कोथरूडच्या एका पाळणाघरात बसायचे. तिथला सव्वा वर्षाचा एक मुलगा आई सोडून गेली तरी ढिम्म. एके दिवशी न्यायलाही तीच आली, तर हा आपला खुळखुळा वाजवत बसलेला. मी वहीत त्याच्या अटॅचमेंटचा प्रकार ठोकून दिला: 'टाळणारी शैली'. मॅडमनी एकच विचारलं, "एरवी घरी कोण सांभाळतं गं त्याला?" मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी आजी आली. तो रांगत सुटला, तिच्या पदरात डोकं खुपसलं, आणि अर्ध्या मिनिटात खाली उतरून परत खेळायला पळाला. घाबरलं की धावायचं ठिकाण आणि धीर आला की जिथून जग बघायला निघायचं ते ठिकाण, पुस्तकातल्या या दोन्ही गोष्टी मला त्या पदरापाशी दिसल्या. म्हणून आईशी त्याचं नातं असुरक्षित ठरतं का? तेही नाही. बाळाचं प्रत्येक माणसाशी नातं वेगळं असतं, आणि पाळणाघरातल्या एका संध्याकाळवरून शैली ठरत नाही.

ती ठरवायची मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांची पद्धत काटेकोर आहे. साधारण 12 ते 18 महिन्यांचं बाळ, अनोळखी खोली, एक परकी बाई, आठ छोटे प्रसंग. आई दोनदा बाहेर जाते. नवखी मंडळी रडणं मोजत बसतात (मीही). खरी मेख आई परत येते त्या क्षणात असते. सुरक्षित बाळ रडलं तरी तिच्याजवळ जाऊन शांत होतं, टाळणारं तोंड फिरवतं, द्विधा बाळ बिलगतं आणि ढकलतंही. विस्कळीत, म्हणजे ज्याच्या वागण्यात सुसंगती नसते, हा चौथा प्रकार मेरी मेन आणि ज्युडिथ सोलोमन यांनी नंतर जोडला. टाळणारं बाळ वरून शांत असलं तरी त्याच्या हृदयाचे ठोके वाढलेले असतात, हे 1977 मध्ये दिसलं. ते वाचल्यावर मला तो ढिम्म शब्द खटकायला लागला.

अटॅचमेंटचा सिद्धांत मांडणारे जॉन बोल्बी आधी वाचायचे की एन्सवर्थ? माझं मत, एन्सवर्थ. 1954-55 मध्ये त्या युगांडातल्या घरोघरी जाऊन आया आणि बाळं बघत होत्या, प्रयोगशाळा नंतरची. हार्लोची माकडं (आईपासून तोडलेल्या पिल्लांवरचे प्रयोग) परीक्षेपुरती पुरे.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा. 1988 मध्ये एन्सवर्थ यांच्या पद्धतीचे 32 अभ्यास एकत्र करून केलेल्या प्रसिद्ध तुलनेत आठ देश होते, भारत नव्हता. निरीक्षणाला जाल तेव्हा पालकांची परवानगी घ्या, वहीत मुलांची नावं लिहू नका, आणि आपली घरं त्या तुलनेत नव्हती म्हणून पहिल्या पानावर घरातली माणसं मांडा: आई, आजी, आत्या, सांभाळणाऱ्या मावशी. शैलीचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.